जगऱ्यातली खूण

परवा खामगावच्या बाजारातून येताना सायकलच्या मागे गोवऱ्यांचं पोतं बांधून चाललेला एक माणूस दिसला. फाल्गुनात असा माणूस दिसला की मी पोत्यावरून त्याच्या घरची माणसं मोजते. हे पोतं तट्ट भरलेलं होतं. म्हणजे पाहुणे होते, बहुधा जावईही असावा, आणि रविवारी कुणाच्या तरी वावरात झाडाखाली जगरा पेटणार होता. एरवी हे पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. यंदा मान खाली गेली. मी गल्ली बदलली आणि भाजी न घेताच घरी आले.

ज्यांनी वऱ्हाडात फाल्गुन काढलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. त्याच्या पाऱ्या करायच्या आणि एकीत एक घालून, वरून बंद करून, मुठीएवढे गोळे करायचे. हे रोडगे. वावरात उथळ खड्डा करून गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, आणि त्यांचा लाल निखारा झाला की रोडगे त्यात पुरायचे. तो निखाऱ्यांचा ढीग म्हणजे जगरा. रोडगे भाजतात तोवर एकीकडे वांग्याची भाजी रटरटते, एकीकडे वरण. पोरं ओला हरभरा ओरबाडून खातात, त्याची आंब ओठांना लागून ओठ चरचरतात. बायका साडीचा पदर खोचून बसतात आणि घरात कधी हसत नाहीत तेवढ्या मोठ्यानं हसतात. घराबाहेर, उन्हात, सगळं कुटुंब एका निखाऱ्याभोवती बसण्याचा हा आमचा ऋतू.

आमचा जगरा सोनाळ्याला पेटतो. तिथे काकांचं वावर आहे. वावराच्या वरच्या अंगाला सातपुडा, आणि या दिवसांत त्याच्या अंगावर पळस असा फुललेला असतो की डोंगराला कुणी चिमटे काढलेत असं वाटतं. शेजारी संत्र्याची बाग आहे. तिला बहार आलेला असला की वाऱ्याच्या एका झुळकेबरोबर तो गोड, जड वास येतो आणि दुसरीबरोबर गोवऱ्यांचा धूर. माझ्यासाठी वसंत म्हणजे हे दोन वास आलटून पालटून. गहू उभा वाळत असतो आणि वारा आला की कोरड्या कागदासारखा वाजतो.

कागदाशी माझं नातं जन्मापासूनचं. बाबा एसटीत वाहक होते, आणि रजेच्या दिवशी बसस्थानकाबाहेर चादर अंथरून चळवळीच्या पुस्तिका विकत. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मी ‘क कमळाचा’च्या आधी वाचलं. उद्गारचिन्ह हे मला बरीच वर्षं मराठीतलं एक अक्षरच वाटायचं. एकदा जगरा पेटवायला काकांनी उरलेलं एक पत्रक चुरगाळून हातात घेतलं, तर बाबा ओरडले, “ठेव ते खाली! त्यानं माणसं पेटवाची असतेत बे, गोवऱ्या नाही.”

काका शांतपणे म्हणाले, “माणसं तर काही पेटून नाही राह्यली दादा. गोवऱ्या तरी पेटू दे.”

इतर घरांत पहिला रोडगा देवाला जातो. मारोतीला, महादेवाला, ज्याचा नवस असेल त्याला. आमच्या घरानं बाबांच्या वडलांच्या काळातच देव सोडले आणि बुद्धाचा मार्ग धरला. नैवेद्य गेला, पण जगरा उकरणं आणि पहिला घास यांच्यामधली ती थोडी थांबण्याची जागा तशीच राहिली. ती बाबांनी भरून काढली. रोडगे थोडे निवेपर्यंत एक पत्रक वाचायचं. सुरुवातीला बाबा वाचत. मग एक वर्ष असं आलं की त्यानंतर दरवर्षी एकच पत्रक वाचलं जाऊ लागलं आणि वाचणारी मी झाले.

ते वर्ष सांगते. मी आठवीत होते. आम्ही एसटी कॉलनीत राहायचो, आणि शेजारी सुधाकाकू. तिचा नवरा आगारात कारकून. दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवर दिवसभर वाट्या फिरत. आईची जवसाची चटणी पलीकडे जायची, काकूचं मेतकूट अलीकडे यायचं. आईला मैत्रीण अशी ती एकच. बाकी सगळ्या नात्यातल्या. दुपारी दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलायच्या. कुणी कुणाच्या घरात फारसं जायचं नाही, हे माझ्या लक्षात येत होतं, पण भिंत एवढी गजबजलेली असल्यावर घराची आठवण कुणाला येणार?

त्या फाल्गुनात आईनं काकूला रोडग्यांना बोलावलं. काकू आली, तिचा नवरा आला, आणि घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून तिची सासूही आली. आम्ही सगळे एसटीनं सोनाळ्याला गेलो. म्हातारी गाडीत खिडकीशी बसून सगळा रस्ता झाडं पाहत होती. फार काही बोलली नाही. वावरात पोचल्यावर तिच्यासाठी सावलीत घोंगडी टाकली, तिथे बसली.

आमच्याकडे असं एकत्र जमलं की पीठ ज्यानं त्यानं आपलं आणायचं, जगरा एकच. आईची परात एकीकडे, काकूची तिच्या समोर. दोघी गोळे वळत होत्या. एकदा जगऱ्यात गेला की कोणता रोडगा कोणाच्या हातचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि कुणी विचारतही नाही. मला या गोष्टीचं तेव्हाही फार कौतुक होतं. बाबांच्या सगळ्या भाषणांमध्ये जे सांगितलेलं असे ते इथे राखेत आपसूक होत होतं.

रोडगे भाजून झाल्यावर त्यांची राख काढायला ते गोणपाटात घालून झुलवतात. आई आणि काकूनं दोन टोकं धरली.

“हळू वं!” काकू ओरडली. “पोरगं झोपवून राह्यली का गोणपाट झटकून राह्यली?”

“तुह्या हातात जोर नाही, मेतकूट खाऊन खाऊन,” आई म्हणाली. राखेचा ढग उठला. दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या, आणि दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की एक रोडगा घरंगळत गव्हात गेला. माझ्या भावानं, सिद्धूनं, तो पळत जाऊन आणला. आईला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

मग आईनं रोडगे वेगळे केले. काही एका टोपल्यात, काही दुसऱ्यात. आमच्या ताटात आलेल्या प्रत्येक रोडग्याच्या डोक्यावर एक खड्डा होता. अंगठ्याएवढा. पलीकडच्या टोपल्यातल्या रोडग्यांवर नव्हता.

बाबांनी रोडगा हातात फिरवला. “हे खड्डे कायचे?”

आई वरण वाढत होती, वाढत राहिली. सुधाकाकूनं मान खाली घातली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. बाबांनी म्हातारीकडे पाहिलं, काकूच्या लाल कानांकडे पाहिलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. मलाही समजलं, की आमच्या हातचं त्यांच्या ताटात जाऊ नये म्हणून काकूनं ही खूण केली असणार. त्यांनी रोडगा फोडला, तूप घातलं, खाल्ला, हात धुतले. परतीच्या गाडीत ते चालकाच्या केबिनजवळ उभे राहिले, जागा असूनही.

पुढच्याच आठवड्यात पत्रक निघालं. ‘जगरा एक, रोडगे दोन!’ नाव कुणाचंच नव्हतं. ‘आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सुशिक्षित कुटुंबानं’ एवढंच होतं. पण कॉलनीत आमच्या शेजारी कोण राहतं हे कॉलनीला माहीत होतं. ‘ज्या निखाऱ्यानं भेद केला नाही, तो भेद या हातांनी केला!’ हे वाक्य बाबांचं. ते अजूनही मला आवडतं. अडचण तीच आहे. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी मी ते पत्रक स्टेजवर उभं राहून म्हटलं. ‘या हातांनी’ म्हणताना मी दोन्ही हात वर केले होते, आणि टाळ्या इतका वेळ वाजल्या की पुढचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

भिंतीवरच्या वाट्या थांबल्या. काकू पलीकडून कपडे वाळत घालायची तेव्हा भिंतीकडे पाठ करायची. पुढे त्यांनी गावात दुसरीकडे घर घेतलं. आईनं त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, आणि आम्ही तिच्या गप्प राहण्याला स्वाभिमान समजलो. बाबा तर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, “हिनं पुन्हा त्या घराकडे पाह्यलं नाही.”

ते पत्रक पुढे दरवर्षी जगऱ्यापाशी वाचलं गेलं. मी बारावीला होते तेव्हाही, विद्यापीठात होते तेव्हाही, आता कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते तेव्हाही. मी जे काही लिहिते त्याची धार मी तिथे लावली. वर्गात मुलांना लेखनाबद्दल सांगताना मी हेच उदाहरण देते, की एक साधी वस्तू पकडा, एक रोडगा पकडा, आणि त्यावरचा खड्डा दाखवा.

यंदाचा रविवार. तीच जागा, तेच झाड, संत्र्याचा तोच वास. एसटीऐवजी सिद्धूची गाडी. त्याची बायको, आणि त्यांची मुलगी सांची, जिला यंदा वाचता यायला लागलंय. बाबा आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, पण जगरा स्वतःच रचतात आणि काकांना शिव्या घालतात. रोडगे निखाऱ्यातून निघाले, गोणपाटात झुलले, ताटात आले. बाबांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्रक काढलं. सांची म्हणाली, “आत्या, यंदा मी वाचू?” तिनं मोठ्यानं अक्षरं लावली, “ज-ग-रा ए-क...”

“नको वाचू,” आई म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, रोडगे गार होतील म्हणून म्हणते. सिद्धू म्हणाला, “होऊ दे ना आई, पोरगी हौसेनं वाचून राह्यली.”

“नको म्हटलं ना. सुधा जाऊन राह्यली पोराकडे, पुण्याले. कायमची. घर विकलं. या आठवड्यात जाते.” आईनं वरणाची पळी खाली ठेवली. “ते खूण तिनं नव्हती केली. म्या केली होती.”

बाबांनी विचारलं, “कोणती खूण?” त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं आणि मला ते कळायला नको होतं.

“अंगठा म्या मारला. आपल्या सगळ्या रोडग्यायले. जगऱ्यात टाकाच्या आधी.”

“काऊन?” बाबा म्हणाले. “कोणी म्हटलं तुले? त्या म्हातारीनं म्हटलं?”

“कोणी नाही म्हटलं. म्हातारी बिचारी झाडं पाहून राह्यली होती. कोणी म्हणाच्या आधीच म्या केलं. मले वाटलं, रोडगे एकत्र झाले अन् म्हातारीनं ताट सरकवलं, तर सुधा कोणाकडून बोलन? तिच्यावर ते वेळ येऊ नाही म्हणून. अन् माह्यावरही.”

काका दुसरीकडे बघत होते. सांची पत्रक हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. बाबा म्हणाले, “मले सांगितलं असतं...”

“तुमी पत्रक काढलं असतं.”

“काढलंच की.”

“मंग?”

सिद्धूची बायको फस्सकन हसली आणि लगेच तिनं तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर.

मी विचारलं, “पण मग काकू गप्प का बसली? तिनं सांगायचं ना, मी नाही केलं म्हणून.”

आई माझ्याकडे न बघता बोलली. “तिनं पाह्यलं होतं. मी अंगठा मारत होती तव्हा सुधा समोरच होती, तिच्या परातीपाशी. आमची नजर झाली. मले वाटलं, आता म्हणन, ‘हे काय करून राह्यली वं येड्यासारखी?’ मी थांबली होती थोडी. तिनं मान फिरवली. मंग म्या बाकीच्यायले मारले.”

वारा आला आणि गहू वाजला. आई पुढे म्हणाली, “तुमच्या पत्रकानं नाही गेली सुधा माह्यापासून. त्या मान फिरवण्यानं गेली. पत्रक तर मले बरं पडलं. मले काही बोलाच नाही लागलं. पण जे तिनं केलं नाही ते तिच्या नावावर लावून तुमी दरसाल वाचता, अन् मी दरसाल ऐकते, अन् रोडगा खाते.”

तेव्हापासून मी या शरमेला जागा शोधते आहे आणि ती कुठेच बसत नाही. मी वाढले त्या पत्रकांत हा हिशोब सोपा होता. शरम अपमान करणाऱ्याची, अभिमान उभं राहणाऱ्याचा. हुकूम देणारा असतो आणि हुकूम झुगारणारा असतो. इथे हुकूम कुणी दिला? म्हातारी झाडं बघत होती. काकू पीठ मळत होती. आणि माझी आई, जिच्या घरात दर भिंतीवर स्वाभिमानाचं वाक्य लावलेलं होतं, ती आपल्याच हातानं आपल्याच अन्नावर खूण करत होती.

कुणी म्हणेल, बघा, कुणी काही म्हटलंच नव्हतं, सगळं तुमच्याच मनात. त्यांना सांगते, इतक्या पिढ्या इतकं म्हटलं गेलंय की आता कुणी तोंड उघडायचीही गरज उरलेली नाही. अंगठा आपोआप चालतो. हे मी कुठल्याही मंचावर सांगेन. आणि ज्या मानेनं त्या क्षणी फिरायचं ठरवलं तिलाही मी निर्दोष म्हणणार नाही. पण हे लिहिताना माझा आवाज चढतो, हात वर जायला बघतात, आणि मला थांबावं लागतं. याच चढलेल्या आवाजाखाली एक बाई इतकी वर्षं गप्प बसली होती. ती माझ्याच घरातली होती, माझ्यासमोर वरण वाढत होती, आणि मी तिच्याकडे कधी पाहिलं नाही. मी खड्ड्याकडे पाहत होते.

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती एका भलत्याच गोष्टीची. आई बोलत असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो आईचा नव्हता, काकूचाही नव्हता. विचार आला, मग ते पत्रक आता वाचता येणार नाही.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी आईला वाचून दाखवला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली. ती काढली. काकूबद्दल लिहिलेलं तिनं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, “राहू दे. तिले मी सगळं तव्हाच सांगितलं आहे.”

ते सांगणं असं झालं. त्याच रविवारी, रोडगे ताटात तसेच असताना, बाबा एकदम उठले. “मी जातो. आत्ता जातो तिच्या घरी. हात जोडतो. अन् दुसरं पत्रक काढतो, जाहीर...”

“बसा,” आई म्हणाली. “तुमी बापलेक दोघंही काही काढू नका. सिद्धू, तिचा नंबर लावून दे. तिच्या सुनेकडून घेतला म्या मागंच. लावला नाही कधी.”

सोनाळ्याच्या त्या वावरात रेंज फक्त बांधावर मिळते. आई फोन घेऊन बांधावर गेली. पदर नीट केला, जणू समोर कुणी येणार होतं. पलीकडे पळसाचा डोंगर, अलीकडे आईची पाठ. फोन लागला असावा, कारण तिचा खांदा हलला. मग वाऱ्यानं एक शब्द आणला, “सुधा,” आणि नंतर आईचा आवाज, इतका बारीक, की मी तो कधी ऐकलेला नव्हता.

सांची तिच्याकडे पळायला निघाली. मी तिचा हात धरला. मी स्वतः मात्र तिथेच उभी होते, मान किंचित पुढे करून, पुढचा शब्द पकडायच्या बेतात. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्यांनी जन्मभर घरातली प्रत्येक गोष्ट चौकात वाचून दाखवली, ते माझे बाबा हळूच म्हणाले, “चाल पोरी. इथून ऐकू येते.”

आणि आम्ही तिघं विहिरीच्या दिशेनं चालू लागलो, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना जमेल तेवढ्या लवकर.